तिसऱ्या पानावरची सही

१

कबुलीपत्र सकाळच्या टपालानं आलं, आणि ज्या बाईची त्यावर सही होती तिनं साडेअकराला समोर बसून सांगितलं, की सही माझी आहे, पत्र माझं नाही.

"पुन्हा सांगा," चौकशी अधिकारी म्हणाल्या.

"सही माझीच. नाही कशी म्हणू? पण हे मी लिहिलेलं नाही, लिहवून घेतलेलं नाही, पाठवलेलंही नाही."

विमा प्रतिनिधींच्या शिस्त समितीकडून चौकशीला बसणाऱ्या या बाई दाव्यांच्या खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. समोरच्याला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावायची त्यांची खोड होती, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे पुन्हाबाई म्हणत. पाठीमागे म्हणजे दाराच्या अलीकडेच, त्यामुळे त्यांनाही ते ठाऊक होतं. माणूस खोटं बोलत असला की दुसऱ्या खेपेला गोष्ट जास्त गुळगुळीत होते, एवढा एक अनुभव त्यांनी नोकरीतून घरी नेला होता. समोरच्या बाईची गोष्ट दुसऱ्या खेपेलाही तशीच ओबडधोबड राहिली. ते त्यांना आवडलं नाही, कारण आज त्यांना अहवाल लिहून मोकळं व्हायचं होतं.

प्रकरण तसं सरळ होतं. खोक्यांच्या कारखान्यातल्या एका मशीन ऑपरेटरनं समोर बसलेल्या या एजंटबाईंमार्फत आयुष्याचा विमा उतरवला. चौदा महिन्यांनी तो हृदयविकारानं गेला. दावा आला तेव्हा कंपनीनं दवाखान्याचे कागद मागवले आणि त्याला आधीपासून मधुमेह असल्याचं निघालं. अर्जाच्या तिसऱ्या पानावर 'आपणास मधुमेह आहे काय?' या प्रश्नापुढे मात्र 'नाही'च्या चौकटीत खूण. कंपनीनं दावा फेटाळला. ऑपरेटरच्या बायकोनं तक्रार केली, की माझ्या नवऱ्यानं माझ्यादेखत एजंटबाईंना आजार सांगितला होता, आणि त्यांनीच तो लपवला.

आरोप खरा ठरला तर परवाना कायमचा रद्द. या एजंटबाईंना गिऱ्हाइकं, कारकून, चहावाला, झाडून सगळे ताई म्हणत. एकोणीस वर्षं त्या या धंद्यात होत्या. घरात सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा केव्हाच परागंदा झालेला, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. परवाना गेला तर उद्या सकाळी उठून करायला काही उरणार नव्हतं.

"तुम्ही तिसऱ्या पानावर काय खूण केली होती?"

"हो."

"हो म्हणजे काय?"

"'हो'च्या चौकटीत. मी स्वतः केली. ते शेजारी बसले होते, वहिनी समोर होत्या."

"मग ती 'नाही'त कशी गेली?"

"तेच मला कळत नाही मॅडम. सहा महिने झाले, झोपेतसुद्धा तेच पान दिसतं."

पुन्हाबाईंनी कबुलीपत्र उचलून खिडकीकडे धरलं. ताईंचं नाव-पत्ता छापलेला कागद, टाइप केलेला मजकूर, खाली निळी सही. 'अर्जदाराने मधुमेह असल्याचे सांगूनही मी अर्जात खोटी खूण केली. मला पश्चात्ताप होत आहे. समिती देईल ती शिक्षा मान्य आहे.' वरच्या ओळी ऐसपैस होत्या. शेवटच्या तीन मात्र एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आणि त्यांच्या खाली सही. सहीच्या खाली पुन्हा चार बोटं जागा मोकळी.

माणूस आधी पत्र लिहितो आणि मग जागा बघून सही करतो. इथं मजकुरानंच सहीला येऊन ब्रेक दाबला होता.

"पाचला मला अहवाल द्यायचाय," त्या म्हणाल्या. "तोवर या इमारतीबाहेर जाऊ नका, आणि कुणी पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका."

ताईंनी मान हलवली, पण दुसरं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा उतरला. तो उगाच उतरला नव्हता.

२

ऑपरेटरची बायको आली ती एक प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून. पिशवीत नवऱ्याचे सगळे कागद होते. ती बसली, पिशवी मांडीवर ठेवली आणि बाहेर बाकावर बसलेल्या ताईंकडे एकदा वळून पाहिलं.

"त्या बाईंना मी वहिनी म्हणू दिलं होतं मला," ती म्हणाली. "घरी यायच्या. ह्यांचा हात कापला तेव्हा अपघाताच्या भरपाईसाठी किती हेलपाटे घातले त्यांनी. म्हणून जास्त लागलं."

"हात कापला म्हणजे? पुन्हा सांगा."

"मशीनमध्ये गेला. उजवा. अंगठ्याजवळचं बोट अर्धं गेलं, त्याच्या शेजारचं वाकडं झालं. वर्षभर शर्टाची बटणं मी लावून द्यायचे. त्यांना लाज वाटायची, तर मी म्हणायचे, लग्नात हात धरलाय, आता बटणं धरते."

ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. पुन्हाबाईंनी तिला पाण्याचा पेला सरकवला आणि खिडकीबाहेर बघण्याचं सोंग केलं. त्यांना स्वतःला विधवा होऊन नऊ वर्षं झाली होती आणि असल्या वेळी कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटतं, हे त्या जाणून होत्या.

"साखरेचं केव्हा कळलं?"

"तेव्हाच. जखम भरेचना. डॉक्टर म्हणाले रक्त तपासा. तोवर आम्हाला काहीच माहीत नव्हतं. अंगात ताकद होती, मशीन एकटे उचलायचे."

"आणि या ताई तुमच्याकडे आल्या त्या हाताच्या प्रकरणात, की त्याआधीही ओळख होती?"

"हाताच्याच. दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलं त्यांना. साहेबांनी पाठवलं होतं."

"कोण साहेब?"

"त्यांचे मोठे साहेब. ह्यांची पहिली पॉलिसी त्यांनीच केली होती. कारखान्यात येऊन सगळ्यांच्याच केल्या. जेवणाच्या सुट्टीत रांग लावली होती म्हणे. हे घरी येऊन सांगत होते, आज दोन-दोनदा सह्या करून मनगट दुखायला लागलं."

"दोनदा का?"

"एखादा कागद खराब झाला तर परत कुठं हिंडायचं, म्हणून."

पुन्हाबाईंची पेन्सिल थांबली. असा सही केलेला कोरा जादा संच घेणं नियमानं साफ बंद होतं, आणि प्रत्येक शाखेत तो घेतला जात होता. तीस वर्षांत त्यांनी त्यावर तीन परिपत्रकं काढलेली पाहिली होती आणि तिन्हींवर चहाचे कप ठेवलेलेही.

"ती पहिली पॉलिसी आहे का पिशवीत?"

"आहे. ह्यांचं काहीच टाकलेलं नाही मी."

"दोन्ही पॉलिसी माझ्याकडे ठेवा. संध्याकाळी परत देते."

बाईनं पिशवी घट्ट धरली. मग एकेक कागद काढून दिला आणि उठता उठता विचारलं, "मॅडम, मला एकच सांगा. त्या बाईंनी कबूल केलंय का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"साहेबांचा फोन आला होता सकाळी नऊला. म्हणाले, आज तुम्हाला न्याय मिळेल, ताईंनी सगळं लिहून दिलंय."

टपालाचा माणूस कबुलीपत्र घेऊन आला होता दहा वाजून दहा मिनिटांनी.

३

कंपनीची शाखा रस्त्याच्या पलीकडेच होती. पुन्हाबाई जेवण बाजूला ठेवून तिथे गेल्या आणि आधी आवक खिडकीशी उभ्या राहिल्या. खिडकीमागचा कारकून जाडजूड, शांत आणि शिक्क्यावर जीव टाकणारा होता. एका एजंटानं चार पानांचा अर्ज दिला. कारकुनानं पिन काढली, पानं हातातल्या पत्त्यांसारखी पसरली आणि कडेवर ठाण्‌कन एकच शिक्का मारला. शिक्क्याचा एकेक तुकडा एकेका पानावर उमटला. मग पानं सारखी करून पुन्हा पिन मारली.

"हे असं का?" पुन्हाबाईंनी विचारलं.

"चार वेळा कोण मारणार मॅडम? शिवाय मागून कुणी पान बदललं तर तुकडा जुळत नाही. बावीस वर्षं असाच मारतोय. माझ्या खिडकीनंतर पान बदललं असं कुणी म्हणालं तर मी नोकरी सोडीन."

पुन्हाबाईंनी बरोबर आणलेल्या चौकशीच्या फाइलमधून ऑपरेटरचा मूळ अर्ज काढला आणि पानं पसरून कडा जुळवल्या. निळं वर्तुळ पूर्ण जमलं. तिसऱ्या पानावरचा तुकडाही बरोबर आपल्या जागी बसला. तारीख होती तिमाहीचा शेवटचा दिवस.

म्हणजे 'नाही'वालं तिसरं पान खिडकीवर आलं तेव्हाच अर्जात होतं. कारकून सुटला. त्याच्यानंतर ज्या ज्या हातांतून फाइल गेली ते सगळे सुटले.

"खिडकीवर अर्ज कोण आणून देतं?"

"एजंट साहेबांकडे देतात. साहेब चौथ्या पानावर शिफारशीची सही करतात आणि स्वतः आणून देतात. त्या दिवशी तर साहेब धावतच आले होते. खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं होती."

"ते लक्षात आहे तुमच्या?"

"राहणारच की. त्या अर्जावर साहेबांचा विक्रम झाला. तो बघा."

भिंतीवर चौकटीत साहेबांचा फोटो होता. सलग बारा तिमाही विभागात पहिले. खालचा माणूस एका अर्जानं मागे राहिला होता, हेही बारीक अक्षरात दिलं होतं.

साहेब आतल्या खोलीत होते. हुद्दा विकास अधिकारी, काम एजंट गोळा करायचे, शिकवायचे आणि पळवायचे. आवाज लोण्यासारखा. मागे करड्या रंगाचं लोखंडी कपाट.

"ताईंचं फार वाईट वाटतं मला," ते म्हणाले. "नवरा सोडून गेला तेव्हा मीच परवाना काढून दिला. फॉर्म भरायला शिकवलं. बाई मनानं चांगली, पण घरची ओढाताण. माणूस घसरतो कधीकधी."

"अर्ज तुमच्याकडे आला तेव्हा तिसरं पान पाहिलंत?"

"रोज तीस अर्ज येतात मॅडम. मी चौथं पान उघडतो आणि सही करतो. चूक म्हणा हवं तर."

"आजार लिहिला असता तर?"

"तर वैद्यकीय तपासणी लागली असती. आठ-दहा दिवस."

"म्हणजे पुढच्या तिमाहीत गेला असता."

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "गेला असता तर गेला असता. मला एका अर्जानं काय फरक पडतो?"

पुन्हाबाईंनी भिंतीवरच्या चौकटीचा विषय काढला नाही. त्यांनी फक्त कपाटाकडे पाहून विचारलं, "जादा संच घेता का हो तुम्ही लोकांकडून?"

"छे. कानाला खडा. सगळ्या एजंटांना बजावून ठेवलंय मी."

"चारला सुनावणीला या," म्हणून त्या उठल्या. बाहेर पडताना शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर त्यांनी चार ओळींची एक चिठ्ठी ठेवली. ती वाचून व्यवस्थापकानं उठून दार लावून घेतलं.

४

परत येईपर्यंत तीन वाजले. ताई बाकावर तशाच बसल्या होत्या.

"आत या. आता मी विचारते ते नीट ऐका. आपल्या नावाच्या कोऱ्या कागदावर सही करून तुम्ही कुणाला दिलीय?"

कोपऱ्यात जबाब टाइप करणाऱ्या टायपिस्टनं उगाचच कागद सरळ केला.

"ताई, ती सही मजकुराच्या आधीची आहे. पत्र तुमच्या सहीच्या डोक्यावर आणून बसवलंय. हे मला दिसतंय, पण नाव मी सांगून चालत नाही."

"त्यांना काही होणार नाही ना?"

"कुणाला?"

"साहेबांना. आम्ही सगळेच देतो त्यांना. पत्ता बदलायचा असतो, कसला तरी अर्ज असतो, दरवेळी कोण येणार म्हणून वर्षाला दहा कागद सह्या करून ठेवतो. मॅडम, घरात चूल पेटायचे वांधे होते तेव्हा त्या माणसानं मला उभं केलं. ते माझ्याशी असं का करतील?"

"तपासणी लागली नाही तेव्हा तुम्हाला शंका आली नाही?"

"आली. विचारलं मी. म्हणाले, वरून सूट मिळाली. साहेब म्हणाले म्हटल्यावर..."

पुन्हाबाईंना राग आला. असल्या सज्जनपणाचा त्यांना नेहमीच राग येई, कारण त्याचा फायदा कुणीतरी दुसराच उचलतो. पण रागानं अहवाल लिहिता येत नाही. साहेबांनी पत्र बनवलं असेल, पान बदललं असेल. पण पानावरची ऑपरेटरची सही खरी होती. हस्ताक्षरतज्ज्ञानं लिहून दिलं होतं, चारही पानांवर अर्जदाराचीच सही. एकाच बैठकीत भरलेल्या अर्जात हे परकं पान अर्जदाराच्या खऱ्या सहीसकट आलं कुठून? ताईंनीच जादा संच घेतला असेल आणि त्यातलं पान लावलं असेल, असं साहेब म्हणाले की संपलं. परवाना गेलाच.

"तुम्ही ऑपरेटरला पहिल्यांदा कधी पाहिलंत?"

"दवाखान्यात. हाताला हे एवढं बँडेज होतं."

"त्याआधी कधीच नाही?"

"नावही माहीत नव्हतं."

"पुन्हा सांगा."

"नावही माहीत नव्हतं, मॅडम."

पुन्हाबाई एकदम उठल्या. त्यांनी टेबल रिकामं केलं, टायपिस्टचा डबा खुर्चीवर ठेवला आणि दोन्ही अर्ज सुटे करून शेजारी शेजारी मांडले. डावीकडे पहिल्या पॉलिसीला जोडलेला, कारखान्यात भरलेला अर्ज. उजवीकडे ताईंनी भरलेला अर्ज. आठ पानं, आठ सह्या. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला लागेल एवढ्या खाली वाकल्या.

"सहा महिने," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "सहा महिने सगळ्यांनी एकच विचारलं, सही कुणाची आहे. सही कधीची आहे, हे एकानंही विचारलं नाही."

५

चारला खोली भरली. साहेब इस्त्रीच्या शर्टात पहिल्या खुर्चीवर, ताई भिंतीकडे बघत, ऑपरेटरची बायको दाराजवळ.

"ही पहिली पॉलिसी," पुन्हाबाईंनी सुरुवात केली. "चार वर्षांपूर्वीची. सही बघा. एका झपाट्यात केलेली, शेवटी लांब शेपटी. मशीन एकट्यानं उचलणाऱ्या माणसाची सही. आता हा दुसरा अर्ज. पहिलं पान. पेन तीनदा उचललंय, अक्षरं सुटी, शेपूट नाही. दुसरं पान तसंच. चौथं तसंच. अर्ध्या बोटाच्या हातानं केलेली सही अशीच होणार. आता तिसरं पान बघा."

टायपिस्टसुद्धा उठून वाकला. तिसऱ्या पानावर लांब शेपटी होती.

"तज्ज्ञ खोटं बोलला नाही. चारही सह्या ऑपरेटरच्याच. पण तीन सह्या कापलेल्या हाताच्या आहेत आणि एक धडधाकट हाताची. हा माणूस त्या दिवशी बसून तीन पानांवर वाकड्या बोटांनी आणि मधल्याच एका पानावर चांगल्या बोटांनी सही करणार होता का? तिसऱ्या पानावर हातानं लिहायचं काही नसतं. प्रश्न, चौकटी आणि सही. नाव नाही, तारीख नाही. कुठल्याही वर्षीचं पान कुठल्याही अर्जात बसतं."

"म्हणजे ताईंनी जुना संच ठेवला असणार," साहेब हळूच म्हणाले. "मी किती वेळा सांगितलं होतं त्यांना."

"ताईंनी या माणसाला पाहिलं तेच मुळी बँडेज बांधलेल्या हातानं. वहिनी, बरोबर?"

"बरोबर," दाराजवळून आवाज आला. "त्याआधी आमची ओळखच नव्हती."

"मग चांगल्या हाताची कोरी सही ताईंकडे येणार कुठून? ती घेतली गेली एकदाच, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, रांगेत. ती घेणारे तुम्ही. आणि ताईंच्या हातातून अर्ज निघाल्यावर खिडकीपर्यंत तो एकाच माणसाकडे होता. तेही तुम्हीच. तिमाहीचा शेवटचा दिवस, एक अर्ज कमी, आणि या पानावर 'हो'. तपासणी लागली असती तर भिंतीवरची चौकट दुसऱ्याच्या नावाची झाली असती."

साहेब हसले. हसणं चांगलं जमलं होतं. "गोष्ट छान आहे मॅडम. पण कारखान्यातल्या त्या शिबिरातले जादा कागद मी केव्हाच फाडून टाकले. तुमच्याकडे नुसती एक सही आहे. माझ्याकडे ताईंची कबुली आहे."

"तुमच्याकडे?"

पुन्हाबाईंनी फाइलमधून कबुलीपत्र काढून टेबलावर ठेवलं.

"कबुली माझ्याकडे आहे," पुन्हाबाई म्हणाल्या. "दहा वाजून दहा मिनिटांनी आली. तुम्ही नऊला वहिनींना फोन करून तिची बातमी दिलीत."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. तेवढ्यात दार वाजलं. शाखा व्यवस्थापक होता, काखेत कागदांचा गठ्ठा, मागे आवक खिडकीवरचा कारकून. साहेबांनी गठ्ठा पाहिला आणि रुमाल हातातच राहिला.

"तुम्ही इकडे निघालात तेव्हा शाखेच्या दुसऱ्या किल्लीनं कपाट उघडलं," व्यवस्थापक म्हणाला. त्याला घाम आला होता. "दोघांच्या समोर. चारशेच्या वर संच आहेत. सगळे सह्या केलेले, कोरे. नावाप्रमाणे लावलेले."

पुन्हाबाईंनी गठ्ठ्यातून हवा तो संच काढायला दोन मिनिटं घेतली. साहेब शिस्तीचा माणूस होता, त्यामुळे शोधणं सोपं गेलं. कारखान्याच्या शिबिराची तारीख, ऑपरेटरचं नाव. पहिलं पान, दुसरं पान, चौथं पान. तिन्हींवर लांब शेपटीची सही.

तिसरं पान नव्हतं.

"हे तेव्हाच जाळायला हवे होते तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण आयुष्यभर एजंटांना शिकवलंत ना, की सही केलेला कागद कधी टाकायचा नाही."

६

साहेबांना घेऊन व्यवस्थापक गेला. अहवालाचा पहिला भाग वीस मिनिटांत तयार झाला: पान बदललं विकास अधिकाऱ्यानं, कबुलीपत्र बनावट, दाव्याची फाइल कंपनीनं पुन्हा उघडावी, ताईंवरचा आरोप सिद्ध होत नाही. ऑपरेटरच्या बायकोनं ते ऐकलं आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. एकीनं दुसरीचा हात धरला होता.

पाचला दहा मिनिटं कमी होती. पुन्हाबाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. एक प्रश्न राहिला होता. तो आरोपपत्रात नव्हता. त्यांनी विचारला नसता तर कुणीही त्यांना जाब विचारला नसता. पण चारशे कोरे संच समोर टेबलावर पडले होते, आणि प्रत्येक संच कुणीतरी कुणावर तरी विश्वास टाकून सही केलेला होता. हा प्रश्न आज आपण गिळला, तर उद्यापासून आपल्याला कुणाला 'पुन्हा सांगा' म्हणायचा अधिकार राहणार नाही, असं त्यांना वाटलं.

"ताई, एक शेवटचं. तुमच्या घरी तुमच्या गिऱ्हाइकांचे कोरे सह्यांचे कागद आहेत का?"

टायपिस्टचे हात थांबले. तो ताईंकडे बघून अगदी किंचित मान हलवत होता, नाही म्हणा, नाही म्हणा.

ताईंनी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आहेत. सतरा."

"उत्तर नीट विचार करून द्या. नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. सहा महिने परवाना बंद." त्यांचे डोळे भरले, पण आवाज ठाम होता. "मी वाईट काही केलं नाही त्यांचं, शपथेवर सांगते. पण घेतलेत. एकोणीस वर्षं लोकांच्या घरात बसून मी विचारते, काही आजार आहे का, लाजू नका, खरं सांगा. आता मला कुणी विचारलं तर मी काय 'नाही'वर खूण करू?"

पुन्हाबाईंनी लिहिलं. लिहिताना अक्षर बिघडलं, पण त्यांनी ते खोडलं नाही. सहा महिने परवाना स्थगित, सतराही संच उद्या समितीसमोर फाडावेत. खाली तारीख घातली, वेळ घातली, सही केली. मग अहवाल ताईंपुढे सरकवला.

"वाचा. सगळा वाचल्याशिवाय सही करायची नाही."

ताईंनी सात पानं वाचली. प्रत्येक पान सावकाश, ओळीवर बोट ठेवून. ऑपरेटरची बायको शेजारी बसून राहिली, तिला कसलीच घाई नव्हती. सही झाल्यावर दोघी उठल्या. दाराशी पोचल्यावर ताई थांबल्या.

"वहिनी, तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचं मागे बोलणं झालं होतं. आता मला सहा महिने करता येणार नाही. दुसरं कुणीतरी चांगलं बघून देते तुम्हाला."

"नको," ती म्हणाली. "मी थांबते."

"कशाला थांबता? जिवाचा काय भरवसा. दुसरे आहेत चांगले."

"असतील," ऑपरेटरची बायको म्हणाली. "पण दुसरं कुणी असतं तर मघाशी 'नाहीत' म्हणालं असतं."